चालेन म्हणाले राव सार

परवा सकाळी ऑफिसात शिरले तर लिफ्टशेजारच्या भिंतीवर नवा तक्ता. निळा कागद, त्यावर पिवळे बूट, बुटांना डोळे आणि हसरं तोंड. खाली टीमची नावं लिहायला रकाने. चालण्याची स्पर्धा पुन्हा सुरू होणार होती. मी ते वाचलं आणि माझ्या हातातली डब्याची पिशवी सुटली. अहो, खरंच सुटली; ताकभात आणि लोणच्याचं तेल थेट लिफ्टच्या दारात. एचआरची कविता धावत आली. "मॅडम, काय झालं? चक्कर आली का?" काही नाही गं, हात घसरला, म्हटलं. ही मुलगी गेल्या वर्षी नोकरीला लागलेली. तिला काय माहीत असणार!

तारीख बघायची गरजच नव्हती, कत्तिरी लागलेली होती. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या तीन-साडेतीन आठवड्यांना इथे तमिळमध्ये कत्तिरी म्हणतात. सकाळी आठला बसच्या दांड्याला हात लावावा आणि झटकन मागे घ्यावा. नळाला गरम पाणी येतं, फुकटचं. मैलापूरच्या गच्च्यांवर कडुनिंबाची फुलं वाळत पडलेली असतात, त्यांचा कडसर गोड वास जिन्यापर्यंत उतरतो. कोपऱ्याकोपऱ्यावर ताडगोळ्यांचे ढीग लागतात आणि विळ्याचा टक-टक आवाज दुपारभर चालू राहतो. देवळाच्या तळ्याकाठी मातीच्या मडक्यातून ताक वाटतात, कढीपत्ता, आलं आणि कैरीचा कीस घातलेलं. मी मूळची कोल्हापूरची. ऊन काय असतं ते मला सांगू नका, अशा तोऱ्यात नऊ वर्षांपूर्वी इथे आले. पहिल्या कत्तिरीतच तोरा उतरला. आमच्या उन्हाला संध्याकाळ तरी असते. इथे सूर्य मावळतो, ऊन तसंच भिंतीत बसून राहतं.

पण मला परवा आठवली ती तीन वर्षांपूर्वीची कत्तिरी. त्या कत्तिरीत आमच्या ऑफिसातल्या पंचनद रावांचा उजवा पाय राहतो की जातो, अशी वेळ आली होती. आणि त्यांना चालायला लावणारी मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही सारवासारव करायला लागले तर तुम्हीच मला अडवाल.

आमचं काम बैठं. विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, खुर्चीला चिकटून. पाठी धरलेल्या, पोटं सुटलेली, प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये कसल्या ना कसल्या गोळ्या. तेव्हा वरच्या साहेबांच्या मनात आलं की माणसं चालली पाहिजेत. कल्पना वाईट नव्हती, आजही मी वाईट म्हणणार नाही. सहा-सहा जणांच्या टीम, रोज दहा हजार पावलं, तीस दिवस. मोबाइल खिशात ठेवायचा, तो पावलं मोजतो, आणि रोज सकाळी तक्त्यावर आकडे लागतात. एका टीमची कॅप्टन मी. मला कुणी केलं नाही, मीच हात वर केला. मला कसलंही पुढारपण मिळालं की माझ्या अंगात वारं शिरतं, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

पाच जण जमले, सहावा हवा होता. राव सार माझ्या पलीकडच्याच टेबलाशी बसायचे. सगळं ऑफिस त्यांना राव सार म्हणायचं, मीही तेच म्हणते. सत्तावन्न वर्षांचे, कपाळाला बारीक गंध, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. घराणं तंजावरकडचं, कितीतरी पिढ्यांपूर्वी मराठी मुलुखातून खाली उतरलेलं. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. "जातों", "करितों" असं जुनं जुनं बोलायचे, आणि तेही तमिळ हेल काढून. पण माझ्याशी ते मराठीच बोलायचे. मी "राव सार, जेवलात का?" एवढं विचारलं तरी त्यांचा चेहरा असा उजळायचा की मलाच संकोच व्हायचा. पुढे पुढे मी ते गृहीत धरलं. ऑफिसात दोनच मराठी माणसं, त्यामुळे राव सार माझ्या घरचेच, अशी माझी समजूत.

तर मी उभ्या उभ्या, हातात यादी घेऊन, त्यांना म्हटलं, "राव सार, तुमचं नाव आमच्या टीममध्ये घालते, चालेल ना?"

त्यांनी आधी खाली बघितलं, टेबलाखाली, आपल्या पायांकडे. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "चालेन."

मी नाव लिहिलं आणि पुढे गेले. मला "चालेल" ऐकू आलं होतं. आपण दिवसातून शंभरदा म्हणतो तसलं. चहा चालेल, उशीर झाला तरी चालेल, काहीही चालेल. न आणि ल यांच्यातला फरक ऐकायला थांबायला हवं होतं, आणि थांबणं माझ्या स्वभावातच नाही.

मग सुरू झाली आमची दुपारची फेरी. जेवण झालं की सहा जण निघायचो, देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून. पितळी समयांची दुकानं, केळीच्या पानांचे भारे, भाजीवाल्या, पेटी-तबल्याच्या दुकानाच्या पायरीवर लोळणारं एक करडं मांजर. एवढ्या उन्हात बाहेर फक्त आम्ही आणि रिक्षावाले. आम्ही पाच जण बूट घालून सावलीसावलीतून पळायचो. राव सार मात्र पहिल्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी चप्पल काढून ठेवायचे.

"अहो राव सार, हे काय? डांबर तापलंय!"

"देवाभोंवती फिरतों, बाई. चप्पल घालून कसं फिरूं?"

आमची फेरी ही त्यांच्यासाठी प्रदक्षिणा होती. ऑफिसला पावलं हवी होती, ती देवाच्या भोवती पडत होती तर पायात काही कसं असेल? एवढंच. मला त्याचं भारी कौतुक वाटलं. रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात, हा माणूस सावकाश, एका लयीत चालायचा. पाय उचलायची घाई नाही, तोंड वाकडं नाही. डांबर इतकं मऊ झालेलं असायचं की टाचांचे ठसे उमटायचे. एकदा मी विचारलंही. "राव सार, पाय भाजत नाहीत का हो?"

ते हसले. "भाजतं म्हणतात सगळे. मला कळत नाहीं."

याहून स्पष्ट माणसाने काय सांगायचं? मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या. टीममधल्या बाकीच्यांना म्हटलं, बघा, याला म्हणतात श्रद्धा, नाहीतर तुम्ही, दोन मिनिटांत लिंबू सरबत शोधता. आणि खाली वाकून मी मोबाइलवर त्यांच्या पायांचा फोटो काढला. काळं डांबर, त्यावर दोन उघडी पावलं. तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी अंगठे, हार्ट, हात जोडलेल्या बाहुल्या, काय काय पाठवलं. एचआरवाल्यांनी त्याची मोठी प्रत काढून तक्त्याशेजारी लावली. पंधरा-सोळा दिवस तो फोटो तिथे होता. येताजाता सगळे बघत होते, मी तर दिवसातून चारदा. आता तो डोळ्यांपुढे येतो तेव्हा त्यात दिसतं की उजव्या अंगठ्याची कड तेव्हाच पांढरी पडली होती. तेव्हा ते कुणाला म्हणजे कुणालाच दिसलं नाही.

आमची टीम पहिल्या नंबरावर गेली. राव सार नुसत्या दुपारच्या फेरीवर भागवत नव्हते. सकाळी लवकर येऊन दोन फेऱ्या, संध्याकाळी आणखी दोन. आमच्यातला कुणी कमी पडला की मी त्यांच्याकडेच बघायची. "राव सार, आज जरा जास्त मारा हं, त्या तिसऱ्या मजल्यावाल्यांना दाखवू या." ते मान डोलवायचे. बेश, म्हणायचे.

पाचव्या आठवड्यातला सोमवार. मी पाण्याची बाटली भरून परत येत होते आणि पांढऱ्या फरशीवर डाग दिसले. तांबूस, ओलसर, एका आड एक. मला वाटलं, कुणीतरी कोकम सांडलं. मग वाटलं, इथे कोकम कुठून येणार? मी डागांमागून चालत गेले आणि राव सारांच्या खुर्चीपाशी पोचले. ते शांतपणे कागद वाचत होते. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आलेला. तळव्याची कातडी सुटून एका बाजूला दुमडली होती, मोजा निम्मा काढावा तशी. माझ्या तोंडून किंकाळी फुटली.

"राव सार! पाय!"

"काय झालं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली. आणि त्यांचा चेहरा, देवा! दुखतंय म्हणून माणूस तोंड करतो तसं ते नव्हतंच. टेबलाखाली कुणी परका माणूस बसलेला दिसावा, तसे ते स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. "हें कधीं झालं?" त्यांनी मलाच विचारलं.

शुगर होती त्यांना, वीस वर्षांची. पायांची जाणीव हळूहळू गेली होती. आधी बोटांची, मग तळव्यांची. चप्पल पायातून निसटली तर दिसल्यावर कळायचं. हे घरी अर्धवट माहीत होतं, ऑफिसात कुणालाच नाही. आम्ही त्यांची पावलं मोजत होतो, दररोज, एक-एक, आणि ती पावलं ज्या पायांनी पडत होती त्यांच्याबद्दल एकानेही एक प्रश्न विचारला नव्हता. फॉर्मवर "काही आजार आहे का" असा रकाना होता. तो त्यांनी कोरा सोडला होता आणि आम्ही तो तसाच जमा केला होता. जमा करणारीही मीच.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार बोलत नव्हत्या. जखम आत गेलीय, पू झालाय, म्हणाल्या. चार दिवस औषधं देऊन बघू, नाही आवरलं तर घोट्याच्या वर कापावं लागेल. घोट्याच्या वर!

आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते. तिसऱ्या दिवशी ऑफिसात बक्षीस समारंभ झाला. पुढे ढकलू या, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पाहुणे ठरलेत, हॉल घेतलाय, असं सगळे म्हणत होते आणि मी मान हलवली. आमची टीम पहिली आली होती. मी स्टेजवर गेले, चषक घेतला, फोटोवाला म्हणाला "स्माइल, मॅडम", आणि मी हसले. तो फोटो माझ्याकडे आहे. एक माणूस पलीकडे पाय वाचतोय का याची वाट बघत पडलाय, आणि ही बाई दात दाखवून हसतेय. मी तो पुसून टाकला नाही. पुसायचा मला हक्कच नाही असं वाटतं.

समारंभातून थेट हॉस्पिटलात गेले. राव सार झोपले होते, पायाला मोठं पांढरं गाठोडं. उशाशी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सगळे मामी म्हणतात. नऊवारीसारखी नेसलेली सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी ऑफिसातली ती, असं म्हणताच त्या उठल्या, थर्मासमधून कॉफी ओतून माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, शिव्या खाव्या लागतील. शिव्या बऱ्या होत्या.

"मामी, माझं चुकलं," मी म्हटलं. "मी त्यांना चालायला लावलं."

"तुमी विचारलंत म्हणाले. चालाल ना, असं विचारलंत."

"नाही हो, मी 'चालेल ना' विचारलं. म्हणजे नाव लिहिलं तर हरकत नाही ना, एवढंच."

त्यांना ते कळलंच नाही. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. त्यांच्या घरच्या बोलीत चालणं म्हणजे पायांनी चालणं, दुसरं काही नाही. हरकत नसली तर बेश म्हणायचं, नाहीतर तमिळमधलं सरी. "चालेल" म्हणून असा एक शब्द असतो, त्याचा पायांशी संबंध नसतो, हे मामी पहिल्यांदाच ऐकत होत्या. मी परवानगी मागितली होती आणि राव सारांनी मला शब्द दिला होता. महिनाभर तो माणूस माझ्या एका बारीकशा शब्दावर चालत राहिला.

"मग 'नाही' का म्हणाले नाहीत? पाय असे आहेत, जमणार नाही, असं सांगायचं ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

मामींनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "मी सांगत होतें, नको. डॉक्टरांनीं पण जपायला सांगितलं होतं. ऐकले नाहींत. म्हणाले, छत्तीस वर्षं ऑफिसांत आहें, आपल्या भाषेंत कुणी मला कांहीं मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं, नाहीं कसं म्हणूं?"

माझ्या हातातली कॉफी तशीच निवली. त्या मराठीचा मला केवढा अभिमान होता! परक्या गावात एका म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलते, म्हणून मी स्वतःला चांगली समजत होते.

पाय राहिला. उजव्या पायाची दोन बोटं गेली, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मामींनी हात जोडले, राव सार म्हणाले "बेश", आणि मी बाहेर जाऊन जिन्यात रडले. दोन बोटं गेल्याचा आनंद होऊ शकतो, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तो होतो. आणि आनंद झाला म्हणून पुन्हा स्वतःची शिसारी येते.

पावसाळा सरता सरता ते कामावर परतले. इथला पाऊस दिवाळीच्या आसपास येतो, तेव्हा रस्त्यात गुडघाभर पाणी, तशात रिक्षा थेट दारापर्यंत आणायची. खास शिवून घेतलेले बूट, पुढे कापूस भरलेला. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी चहाचा विषय काढला. मीच बदलले म्हणा, थोडी. कुणी "चालेल" म्हटलं की मी थांबते आणि पुन्हा विचारते, नक्की ना? घरी नवरा वैतागतो. भाजीला मीठ कमी चालेल एवढं म्हणायचीही सोय उरली नाही, म्हणतो.

परवा सांडलेला ताकभात पुसून झाल्यावर कविता माझ्या टेबलापाशी आली, हातात यादी. "मॅडम, तुम्ही पूर्वी चॅम्पियन होतात म्हणे. यंदा कॅप्टन व्हा ना." मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. बिचारीचे हात यादीवर तसेच राहिले. मग म्हणाली, "मॅडम, मग कार्यक्रमच बंद करू या का?" नको गं, म्हटलं. लोकांना चालू दे. पण नाव लिहायच्या आधी प्रत्येकापाशी बस, आणि कोरा रकाना घेऊ नकोस.

आज दुपारी राव सार जेवून आले ते मला जरा लंगडताना दिसले. कत्तिरीत पाय सुजतात, बूट आवळतो, आणि आवळलेलं त्यांना कळत नाही. तळवे रोज कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवेत, असं डॉक्टरांनी बजावलेलं आहे. मामींचे डोळे आता फार अधू झालेत. मी गेले आणि म्हटलं, "राव सार, बूट काढा. पाय बघू दे."

"छे छे! तुमी कशाला बघायचे पाय? उठा, बाई, सगळे बघतात."

"बघू देत सगळ्यांना."

मी फरशीवर बसले. आजूबाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. त्यांनी शेवटी बूट काढला, मोजा काढला, तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांची टाच तळहातावर घेतली. दोन बोटांची जागा गुळगुळीत, कातडी पातळ. खाली वाकून मी तळवा बघितला, उरलेल्या बोटांच्या बेचक्या एक-एक करून बघितल्या. करंगळीशी थोडी लाली होती, जखम नव्हती. पाय गार होता आणि वजनाला अगदी हलका. मी बघत होते ते त्यांना कळतही नव्हतं. ते अजून भिंतीकडेच तोंड करून बसलेले. मग त्यांनी वळून बघितलं असावं, मी वाकलेली, डोकं त्यांच्या पायापाशी.

त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

"सुखी अस," राव सार म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं. मी पाया पडायला वाकले नव्हते, हे सांगायला मी तोंड उघडलं, ते तसंच मिटलं आणि मोजा त्यांच्या पायात चढवायला घेतला.